उजागऱ्यांचा गुपचूप उपास

अंबादास उजागऱ्यांनी चहा सोडला खरा, पण सोडलेला चहा ओतायचा कुठे याचा विचार काही केला नव्हता.

लेंट सुरू झालं होतं. ईस्टरच्या आधीचे हे चाळीस दिवस. देवळात, म्हणजे चर्चला, जाणारी माणसं या दिवसांत आपल्या जिवाला लागलेलं काहीतरी सोडतात. कुणी मटण सोडतं, कुणी मोबाइलवरच्या मालिका. पहिल्याच दिवशी, भस्म बुधवारी, पाळकसाहेब म्हणाले, "सोडायचं तर असं सोडा, की शेजारच्या उशीवरच्या माणसालाही कळू नये. मिरवलंत की पुण्याईला गळती लागलीच."

अंबादासांना ते फार लागलं. त्यांनी तिथल्या तिथे चहा सोडला, आणि कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही असं ठरवलं.

आता, शेजारच्या उशीवर नीलाबाई. आणि नीलाबाईंचा चहा म्हणजे काय विचारता, आलं-वेलची घातलेला, दाट, चमचा उभा राहील असा. अख्ख्या मुलुंडमध्ये असा चहा नाही असं लोक म्हणत, आणि नीलाबाई त्यांना अडवत नसत. त्यांना "चहा नको" म्हणायचं म्हणजे पुढे शंभर प्रश्न. बरं नाही का? साखर वाढली का? की माझा चहा आता आवडेनासा झाला?

म्हणून अंबादास कप घेऊन गॅलरीत जात, चांगला मोठ्याने एक घोट घेतल्याचा आवाज काढत, आणि चहा जाळीत ठेवलेल्या मनी प्लँटच्या कुंडीत ओतत. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

पहिल्या आठवड्यात त्यांचं डोकं असं ठणकलं, की कवटीत कुणी मसाला कुटतंय असं वाटावं. पण घरात मोठा चमत्कार झाला. नीलाबाई गप्प झाल्या. ओला टॉवेल गादीवर पडला तरी गप्प. दूध उतू गेलं तरी गप्प. काही बोलायला तोंड उघडायच्या, मग डबीतून एक लवंग काढून तोंडात टाकायच्या आणि निघून जायच्या.

'माझ्या उपासाचं तेज पडलंय घरावर,' अंबादास मनात म्हणाले. देवाचे त्यांनी आभारही मानले.

तिकडे मनी प्लँट मात्र चेकाळला. पानं ताटाएवढी झाली, वेल जाळीतून बाहेर पडून वरच्या मजल्याकडे निघाला. मुंग्या तर इतक्या आल्या, की त्यांची रांग पार ठाण्यापर्यंत गेली असावी. आणि कुंडीला पुरून उरलेला चहा टपटप खाली गळायला लागला.

खाली राहायचा हर्षदभाई. त्याचे सगळे शर्ट पांढरे, आणि ते वाळायचे बरोबर त्या जाळीखाली.

"काका, तुमच्या पण कपड्यांवर असे डाग पडतात काय?" एका सकाळी तो शर्ट घेऊन वर आला. "बघा ना, रोज धुवायचे आणि रोज हे."

"गंज असेल," अंबादास म्हणाले. "टाकीतला."

नीलाबाईंनी मागे उभं राहून दोन लवंगा तोंडात टाकल्या.

गंज हा शब्द हर्षदभाईने जाऊन सेक्रेटरी श्यामकांतच्या कानावर घातला, आणि श्यामकांत तर अशा संधीची वाटच बघत असायचा. त्याने टाकी उपसली. दिवसभर बिल्डिंगला पाणी नाही. लोकांनी जार मागवले, कुणी नातेवाइकांकडे आंघोळीला गेले. दुसऱ्या दिवशी हर्षदभाईच्या शर्टावर नवा डाग.

मग हर्षदभाईच्या बायकोने, चेतनाबेनने, डागाचा वास घेतला. "वेलची आहे," ती म्हणाली. "आणि थोडं आलं."

बिल्डिंग हादरली. टाकीत वेलची आली कुठून? लोक नळाचं पाणी वाटीत घेऊन चाखायला लागले. दोघातिघांना आल्याची चव लागलीसुद्धा. एका आजोबांचा तर त्या पाण्याने खोकलाच गेला.

ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी श्यामकांतने गच्चीवर मीटिंग बोलावली. "पाइपात काहीतरी कुजलंय," तो म्हणाला. "सगळी लाइन बदलणार. प्रत्येकाच्या बाथरूमची फरशी उखडावी लागेल. सोमवारी सुरुवात उजागऱ्यांपासून."

नीलाबाईंची फरशी दिवाळीतच बसवलेली, फिकट निळी, त्यांनी स्वतः निवडलेली. त्यांनी नुसतं नवऱ्याकडे पाहिलं. आता गप्प राहावं तर फरशी जाणार, बोलावं तर सगळा उपास पाण्यात. वर, बायकोचा चहा रोज फेकला हे तिच्याच समोर कबूल करायचं. तरी अंबादास उभे राहिले.

"पाइपाला हात लावू नका. तो चहा आहे," ते म्हणाले. "मीच ओततो. लेंटसाठी सोडला होता. कुणाला सांगायचं नव्हतं."

हर्षदभाई म्हणाला, "म्हणजे उपास तुमचा आणि शर्ट माझे?"

"चुकलं रे बाबा."

"शर्टाचं सोडा हो. पण काकींचा चहा कुंडीत घालता? खाली पाठवायचा ना यार, कपात."

लोक हसत सुटले. आजोबा तेवढे नाराज झाले. त्यांना ते पाणी चालू राहायला हवं होतं. मग सगळ्यांनी नीलाबाईंकडे पाहिलं. त्यांनी डबीतल्या उरल्यासुरल्या लवंगा तळहातावर पालथ्या केल्या, सगळ्या एकदम तोंडात टाकल्या आणि जिना उतरून गेल्या.

'किती मोठं मन,' अंबादासांना भरून आलं.

सकाळी ईस्टरची उपासना झाली. सगळ्यांशी हात मिळवून दोघं घरी आले. नीलाबाईंनी चहा टाकला. घरभर वेलचीचा वास सुटला. अंबादासांसमोर कप आला.

"नीला, तुला काल राग नाही आला?"

"काल कशाला? मी पहिल्याच दिवशी पाहिलं तुम्हाला, कुंडीत ओतताना."

"आणि काही बोलली नाहीस?"

"कशी बोलणार? मीही लेंट धरलं होतं." त्यांनी रिकामी लवंगांची डबी फडताळात ठेवली आणि फडताळ लावून टाकलं. "नवऱ्याला एक शब्दही बोलायचा नाही. आणि कुणाला सांगायचंही नाही. तुम्ही चहा सोडलात हो, मी काय सोडलं असेल याचा विचार करा."

अंबादासांनी कप ओठांजवळ नेला होता, तो तसाच राहिला.

"लेंट संपलं," खुर्ची पुढे ओढत नीलाबाई म्हणाल्या. "बसा नीट. भस्म बुधवारपासून सुरू करते."

चहा गार झाला, तेव्हा त्या जेमतेम गुरुवारपर्यंत पोचल्या होत्या.