हौदात नवरदेव

ग्रामकचेरीतल्या साहेबांनो, गुन्हेगार तुम्ही आहात! नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी पत्रक छापलंत. कचरा कधी टाकायचा ते त्यात आहे, कुत्र्याचा पट्टा किती लांब हवा तेही आहे. पण गावातल्या बाईवर जीव जडला तर काय करायचं, यावर एक ओळ नाही!

स्पेनमधल्या कास्तीलच्या माळावरच्या त्या गावात राहायला आलेल्या डच सुताराला, योस्तला, हे पत्रक तोंडपाठ. "माझ्याकडून चूक? अशक्य!" असं छाती काढून सांगायचा. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की भर चौकात बेकरीवाल्या कासिल्दाला मागणी घालायची, हा त्याचा बेत.

तिचा हात धरून तो चौकात आला, तोच गावची 'पोरं' आडवी आली. पोरं म्हणजे पाच सडेफटिंग, सगळ्यात धाकटा छप्पन्न वर्षांचा!

"काय जावई, आमची पोरगी नेतोस? परगावच्या जावयाची रीत आहे, पोरांना वाइन पाज. नाहीतर चौकातल्या हौदात फेकू!" म्होरक्या दिमेत्रिओ गरजला.

योस्तने पत्रक काढलं. "चौकात मद्यपानाला बंदी आहे. कलम नऊ."

चौक हादरला. कासिल्दा भट्टीसारखी लाल झाली. "माझी किंमत घोटभर वाइनइतकीही नाही?"

पाचांनी योस्तला धरलं. साडेसहा फुटी गडी, हलेना! दिमेत्रिओची कंबर कटकन वाजली. योस्तला दया आली. "थांबा काका, मीच उतरतो," म्हणत त्याने बूट काढून नीट लावून ठेवले आणि म्हशीसारखा हौदात जाऊन बसला!

"बाहेर नीघ, शहाण्या!" कासिल्दा किंचाळली. "माझे बाबाही परगावचे, त्यांना चौघांनी फेकलं होतं! याला कोणी फेकलंसुद्धा नाही, असं गाव मला जन्मभर ऐकवेल!"

योस्त निथळत बाहेर आला. "काका, फेका ना!"

"जोर कुठून आणू? आधी वाइन!"

कलम नऊ गेलं खड्ड्यात. एक सुरई आली, दुसरी आली, मग अख्खं पिंपच! पोरांनी इतका जोर भरला की पाचही जण बाकावर लवंडून जावयाचे गोडवे गायला लागले. उठेना कोणीच!

"सरका!" कासिल्दाने बाह्या सरसावल्या. रोज पोतंभर कणीक मळणारे हात ते. धाडकन! योस्तचं डोकं हौदात, पाय आभाळात!

गाव टाळ्या पिटत होतं. कासिल्दा काठावरून ओरडली, "आता बोल, लग्न करतोस की नाही माझ्याशी? नुसते बुडबुडे काय काढतोस? उत्तर दे!"