जपानी कॅमेरा आणि देवराव गुरुजींचा होकार

नेरच्या बसस्टँडमागे फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या भीमराजने त्या उन्हाळ्यात चौकात उभं राहून जाहीर करून टाकलं, की तालुक्यातल्या मोबाईलवर फोटो काढणाऱ्यांची आता छुट्टी! कारण त्याच्याकडे जपानचा कॅमेरा आला होता. सेकंडहँड, पण जपानचा. यवतमाळच्या विक्कीने आणून दिला होता. विक्कीचं दुकान म्हणजे एक पाठीवरची बॅग आणि एक मोटारसायकल. डायरेक्ट तिकडून आलेला पीस आहे, स्वस्त पडते, फक्त बिल तेवढं मागायचं नाही, असं त्याचं साधं सरळ तत्त्व.

भीमराजची बायको निकिता शहाणी बाई. बिल नाही, वारंटी नाही, उद्या बिघडला तर कोणाच्या दारात जाऊन उभं राहायचं, असं तिनं विचारलं. जपानी माल बिघडत नसतो, असं सांगून भीमराजने विषय मिटवला. एक बारीकशी भानगड मात्र होती. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं अक्षर न् अक्षर जपानी! भाषा सेटिंगमध्ये बदलते, असं विक्की म्हणाला होता. पण ती सेटिंग कुठे आहे, हेसुद्धा जपानीतच लिहिलेलं. शेवटी भीमराजने बटणं बोटांना पाठ करून घेतली आणि वाचायचा नाद सोडला.

पहिलंच काम घरचं निघालं. शेजारच्या बेबीताई आणि किसनरावांच्या निशिगंधाचं लग्न. भीमराजची आई गेली तेव्हा याच बेबीताईंनी त्याला आपल्या पोरांच्या पंगतीत बसवून जेवू घातलं होतं. काम सांगताना त्या म्हणाल्या, "माया लग्नात फोटोवाल्याचा रोल कोराच निंगाला, बापा. मायाजोळ लग्नाचा एकबी फोटो नाही. पोरीचा हार घालतानाचा तेवढा नीट काढजो."

"ताई, असा काढतो का भिंतीले शोभा येईन," भीमराज म्हणाला.

वऱ्हाड कळंबहून आलं. नवरदेव अक्षय, नाकासमोर चालणारा पोरगा. लग्न लावायला देवराव गुरुजी होते. गुरुजी कधीकाळी बौद्ध धम्मसहलीतून जपानला जाऊन आले होते आणि तेव्हापासून त्यांचं कोणतंही भाषण 'जपानमध्ये' या शब्दाशिवाय सुरू होत नसे. त्यामुळे गुरुजींना जपानी येतं याबद्दल अख्ख्या नेरला शंका नव्हती. गुरुजींनीही कधी नाही म्हटलं नव्हतं.

त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले गेले, फुलं उधळली गेली. भीमराज मंचावर नुसता थुईथुई नाचत होता. मग मंडळी जेवायला वळली आणि कॅमेरा अडला. बटण दाबलं की पडद्यावर दोन ओळी जपानी उमटायच्या आणि फोटो काही निघायचा नाही. कार्ड भरलं होतं, दुसरं काही नाही! पण ते कळायला मराठीत नको का सांगायला?

भीमराज कॅमेरा घेऊन थेट गुरुजींकडे गेला. गुरुजींनी चष्मा चढवला. भोवती दहा-बारा पाहुणे गोळा झाले. आता एवढ्या लोकांत माणूस 'मला येत नाही' कसं म्हणणार? गुरुजींनी "हं, हं" करत ओळखीच्या माणसाच्या घरात शिरल्यासारखी दोन-तीन बटणं दाबली. पडद्यावर एक प्रश्न आला.

"जपानी माणूस विचारल्याबिगर काही करत नाही," गुरुजी म्हणाले. "हा आपली परवानगी मागून राह्यला. हो म्हण."

भीमराजने बटण दाबून हो म्हटलं. कॅमेऱ्याने पुन्हा विचारलं. केवढी ती सभ्यता! भीमराजने पुन्हा हो म्हटलं. आणि कॅमेरा नुकताच आंघोळ घातलेल्या बैलासारखा ताजातवाना झाला. खूश होऊन भीमराजने पहिला फोटो गुरुजींचाच काढला.

थोड्या वेळाने अक्षयच्या आईने हाराचा फोटो पाहायला मागितला. भीमराजने मागचं बटण दाबलं. गुरुजी. पुढचं दाबलं. गुरुजी. अख्ख्या लग्नात हसरे देवराव गुरुजी तेवढे उरले होते! बाकी सगळं, गुरुजींच्या परवानगीने, साफ पुसलं गेलं होतं.

विक्कीचा फोन बंद. नागपूरच्या एका दुरुस्तीवाल्याने फोनवर मशीनचा नंबर विचारून घेतला आणि गोड आवाजात सांगितलं, की हा पीस आपल्या देशासाठी बनलेलाच नाही, आम्ही हात लावत नाही, आणि त्याची भाषाही जन्मात बदलायची नाही. मग भीमराज, तोच भीमराज, मोबाईलवाल्यांच्या पाया पडत फिरला. हार घालतानाचे फोटो सगळ्यांकडे होते. आणि सगळ्या फोटोंत मधोमध भीमराजची पाठ होती, घामाच्या नकाशासकट!

शेवटी तो बेबीताईंपुढे जाऊन उभा राहिला आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हातातलं वरणाचं भांडं ठेवून खुर्चीवर बसल्या.

"याबी वेळेस कोराच?" एवढंच म्हणाल्या.

ते ऐकलं आणि गुरुजी उठले. त्यांनी माईक हातात घेतला. या वेळी भाषण जपानपासून सुरू झालं नाही.

"मले जपानी येत नाही," गुरुजी म्हणाले. "याले हो म्हणायले मीच लावलं. लगन लागलं ते काही पुसल्या जात नाही. हार तं पुन्हा घालता येते."

आणि काय सांगावं! एकाही माणसाने तोंड वाकडं केलं नाही. कळंबची मंडळी हात धुऊन मंचासमोर येऊन बसली. अक्षय तोंडातली बुंदी गिळत उभा राहिला. बायांनी खाली पडलेली फुलं वेचली, त्यातली भाताची शितं झटकली आणि पुन्हा उधळली. मोबाईलवाल्यांनी भीमराजला गुडघ्यावर बसवलं, म्हणजे त्यांनाही दिसेल. भीमराजला भडभडून आलं. आपल्याला या माणसांनी धुऊन काढायला पाहिजे होतं आणि ही आपल्यासाठी दुसऱ्यांदा लग्नाला बसली, हे उपकार कुठे फेडायचे, असं त्याला वाटत राहिलं.

हाराचा फोटो निघाला, झकास निघाला. मग निशिगंधाने गळ्यातला हार काढून आईच्या हातात दिला.

"आई, आता तू अन् बाबा."

किसनराव पंगतीत वाढत होते. नको नको म्हणत असताना लोकांनी त्यांना तसंच मंचावर चढवलं. बेबीताई पदर सारखा करत लाजल्या, अगदी नव्या नवरीसारख्या. हार पडले, टाळ्या पडल्या. डोळे पुसत पुसत भीमराजने एकच फोटो काढला.

पुढच्या आठवड्यात तो फ्रेम करून स्वतः घेऊन गेला. बेबीताईंनी काच पदराने पुसली आणि बराच वेळ पाहत राहिल्या. फोटोत त्या सुरेख हसत होत्या. शेजारी किसनराव हार घालून ताठ उभे होते, दोन्ही डोळे घट्ट मिटून!

भीमराजने स्वतःचे कान पकडले. म्हणाला, "ताई, पुन्हा काढू का?"

बेबीताईंनी फ्रेम छातीशी धरली.

"राहू दे, बापा. लय उपकार झाले तुये," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यांदा ह्यांच्यासंग लगन लावाची मायी ताकत नाही."