डोमाजीभाऊंचं कवाड

आमच्या घरच्या पोळ्यांवर कधीकधी उलटा ‘डो’ उमटतो. पाहुणे ताटाकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात, आणि मला डोमाजीभाऊंबद्दल सांगावंच लागतं.

ऐंशीच्या दशकात मी मूल तालुक्यातल्या एका जंगलाकाठच्या गावी शाळेवर होते. भाड्याच्या घरात राहायची. शेजारी डोमाजीभाऊ, जंगलखात्याच्या लाकूड डेपोतून चौकीदार म्हणून रिटायर झालेले. एकटेच. डेपोत ओंडक्यावर हातोड्यानं ठप्पा मारतात; ज्याचा ठप्पा, त्याचं लाकूड. नोकरी सुटली तरी ठप्प्याची खोड काही सुटली नाही. लोहाराकडून त्यांनी स्वतःचा हातोडा घडवून घेतला, तोंडावर ‘डो’ कोरलेला. खाट, पाट, मुसळ, दाराच्या चौकटी, अंगणातला कडुनिंब, सगळं ठोकून काढलं. माझा पोळपाट उसना नेला, तोही ठप्पा घेऊनच परत आला. मी तणतणत गेले तर म्हणतात, “मास्तरीनबाई, रातभर माह्या घरी होता नं? मले काय सपन पडते, कोनाचा हाये म्हनून?”

घर त्यांनी रिटायर झाल्यावर स्वतः उभं केलेलं. मातीच्या भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं आणि पुढं सागाचं असं दणकट कवाड, की वाड्याला शोभावं. त्या घरावर पंचायतीनं घरटॅक्स लावला आणि भाऊंचं डोकं फिरलं.

“मास्तरीनबाई, तुमी भाडं काऊन देता?”

“घर माझं नाही म्हणून.”

“मंग मी टॅक्स काऊन देऊ? घर माहं हाये म्हनून? आपल्या वस्तूचे पैसे दरसाल कोनी देते का? तुमी पोळपाटाचे देता?”

मी म्हटलं, “भाऊ, पोळपाटाचं नाव काढू नका.” मुलांना नागरिकशास्त्र शिकवत होते मी, त्यात दिवाबत्ती होती, नाल्या होत्या, हे नव्हतं.

त्या उन्हाळ्यात माकडांनी भाऊंच्या छपरावर धिंगाणा घातला. भाऊंनी फुटके कवेलू पोत्यात भरले आणि भर ग्रामसभेत सरपंचांच्या टेबलावर ओतले. सरपंच वामनराव भला माणूस, पण तापट. “हे काय हो डोमाजी?”

“पैसे तुमी घेता, म्हंजे घरमालक तुमी. भाडेकरूच्या घरचे कवेलू कोन फेरून देईन?”

सभा खो खो हसली. वामनराव तेवढे हसले नाहीत. पावसाळ्यानंतर जप्तीचा हुकूम घेऊन चपराशी बैलगाडीसह दारात आला. रिवाज असा, की टॅक्स थकला की पितळेचा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, उचलायचा. चारचौघांत लाज वाटून माणूस संध्याकाळपर्यंत पैसे भरतो. भाऊ म्हणाले, “गुंड कायले नेता? कवाड न्या. मालकाले कवाड काढाचा हक्क हाये.” आणि स्वतःच कवाड उचलून गाडीत टाकलं.

गाडी हलणार तोच हे बैलांपुढं उभे. “पास कुठी हाये? सागाचं लाकूड हाये हे. बिनापासाचं मी जाऊ देऊन नाई राह्यलो.” सारा जन्म डेपोच्या फाटकावर लाकूड-वाहतुकीचे पास तपासण्यात गेलेला, त्यांचं त्यांना यात काहीच वावगं वाटलं नाही. बिचारा चपराशी पंचायतीत जाऊन चिठ्ठी लिहून घेऊन आला. भाऊंनी ती वाचली, कवाडावरचा ठप्पा तपासला आणि मगच गाडी सोडली. आपल्याच कवाडाची जप्ती इतकी शिस्तीत करून देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दिवस जात राहिले, भाऊ काही नमले नाहीत. घरात शेळ्या शिरायच्या. थंडी पडली तसे ते खोकू लागले. एका संध्याकाळी मी चहा घेऊन गेले आणि चिडूनच म्हटलं, “भाऊ, पैसे आहेत तुमच्याकडे. कशासाठी हा हट्ट?”

ते उंबरठ्यावर बसले होते.

“शेवंताले घर पाह्यजे होतं,” ते म्हणाले. शेवंताबाई त्यांची बायको, मी तिला पाहिलेलं नव्हतं. “एटापल्ली, अहेरी, आलापल्ली. जिथी गेलो तिथी सरकारी क्वार्टर. शेवंता भिंती सारवे, वाल लावे, शेंगा धरल्या का बदली. शेवटी मी रिटायर झालो तई ते बिमार होती. नवा चौकीदार सामान घेऊन दारात उभा. खाली करा म्हने. त्याचंही बराबर होतं, त्याचेही लेकरं उघड्यावर होते. खाटेवर टाकून तिले साळ्याच्या घरी नेलं. तिथीच गेली. मराच्या आंधी मले पुसे, इथूनही कोनी खाली करा म्हनन का हो?”

चहा निवला. “पैसे घेनारा कधीतरी खाली करा म्हनते, मास्तरीनबाई. हे घर तं तिचं हाये.”

मला रडू आलं. तशीच उठून मी वामनरावांकडे गेले आणि सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वामनराव कवाड गाडीत घालून स्वतः आले. “डोमाजीभाऊ, टॅक्स भरा की नका भरू, या घरातून तुमाले कोनी खाली करा म्हननार नाई. मी सांगतो.”

“टॅक्स भरतो,” भाऊ म्हणाले. “पन हे मले नका सांगू. अंदर जाऊन सांगा.”

आत भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी शेवंताबाईंचा फोटो होता. वामनरावांनी चपला काढल्या, टोपी नीट केली आणि फोटोसमोर उभे राहून हळू आवाजात म्हणाले, “वहिनी, घर तुमचं हाये. कोनी खाली करा म्हनत नाई.”

“जरा जोरानं म्हना,” भाऊ बाहेरून म्हणाले. “तिले कमी आयकू येते.”