जावयाने बसवलेला रखवाला

शुक्रवारी सकाळी साडेनऊ वाजता निरीक्षकांच्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात एक हिरवी चौकट उघडली. तीत लिहिलं होतं : ‘नमस्कार, मी रखवाला. आज संध्याकाळी पाच वाजता तुमच्या सर्व फायलींची साप्ताहिक प्रत तुमच्या विश्वासू व्यक्तीकडे पाठवली जाईल. निश्चिंत राहा.’

निरीक्षकांनी चहाचा कप बाजूला ठेवून ते दोनदा वाचलं. विश्वासू व्यक्ती म्हणजे जावई. रखवाला हे सॉफ्टवेअर त्यांनीच गेल्या रविवारी बसवून दिलं होतं. त्याचं असं झालं होतं, की निरीक्षकांनी कुठलंसं बटण दाबलं आणि कॉम्प्युटर तीन दिवस कोणालाच न कळणाऱ्या भाषेत बोलू लागला. जावई आले, बसले, वीस मिनिटांत सगळं ठीक केलं आणि निघाले. ‘हे कसं काय केलंत, बाबा?’ असं एका शब्दानेही विचारलं नाही. निरीक्षकांना हेच लागलं होतं.

निरीक्षक म्हणजे निवृत्त वजनमापे निरीक्षक. दुकानादुकानातले खोटे काटे पकडण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर पकडायला कोणी उरलं नाही, म्हणून ते आत्मचरित्र लिहायला बसले. चार वर्षांत दोनशे बारा पानं झाली होती. पहिली अकरा प्रकरणं काट्यांवर आणि काटे मारणाऱ्यांवर होती. बाराव्याचं नाव होतं ‘जावई : एक निरीक्षण’. आणि आज पाच वाजता ते बारावं प्रकरण, बाकीच्या अकरांसह, थेट जावयांच्या घरी जाऊन थडकणार होतं.

“अगं, ऐकलंस का?” निरीक्षकांनी घर डोक्यावर घेतलं.

त्यांच्या पत्नी, सोयीसाठी आपण त्यांना निरीक्षकीणबाई म्हणू, हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी चौकट वाचली आणि म्हणाल्या, “मग? जाऊ दे की प्रत. तुमच्या काट्यांच्या गोष्टी वाचून कोणाचं काय बिघडणारे?”

“त्यात त्यांच्यावर एक प्रकरण आहे.”

“कोणावर? जावयांवर? काय लिहिलंत?”

निरीक्षकांनी खुर्ची सरकवून दिली. बाईंनी चष्मा लावून पान एकशे त्रेचाळीस वाचायला घेतलं. ‘आमच्याकडे आल्यावर हे गृहस्थ आधी नळ पाहतात, मग आम्हाला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या पंख्याची माहितीपुस्तिका वाचून काढली आणि पंखा आम्ही आठ वर्षं चुकीच्या वेगाने चालवत असल्याचं नम्रपणे सांगितलं. ते कधीही चिडत नाहीत. मी चौदा वर्षं वाट पाहतो आहे.’

“अगंबाई!” बाई म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना. मग त्या एकदम गंभीर झाल्या. “हे त्यांनी वाचलं, तर आपली पोर तिथे कोणत्या तोंडाने राहील? आणि माझ्यावर कितवं प्रकरण आहे हो?”

“तू सगळीकडेच आहेस.”

“म्हणजे कुठेच नाही,” बाई म्हणाल्या. “ती फाईल काढून टाका आणि मोकळे व्हा.”

“काढून उपयोग नाही. ‘चुकून काढलेल्या फायलीही आम्ही जपून ठेवतो’ असं त्याने आधीच लिहून दिलंय.”

“मग कॉम्प्युटरच बंद करून ठेवा.”

“चालू केला की त्याच क्षणी पाठवतो. तेही लिहिलंय.” निरीक्षकांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. “हा रखवालाच काढायचा. पार काढायचा. मागे कण राहता कामा नये.”

काढण्याचं बटण सापडायला अर्धा तास लागला आणि ते दाबताच पासवर्ड मागण्यात आला. निरीक्षकांनी मुलीचं नाव घालून पाहिलं. चूक. नातीची जन्मतारीख घातली. चूक. तिसऱ्या खेपेला जरा घुटमळून त्यांनी स्वतःचं नाव घातलं. जावई माणूस वरून कोरडा असला तरी आतून काय असेल कोणी सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. तेही चूक निघालं, आणि पडद्याच्या वरच्या कडेला कसलासा दिवा लकाकून गेला.

पाच मिनिटांत फोन वाजला.

“बाबा, घाबरू नका,” जावई शांतपणे म्हणाले. “तुमच्या कॉम्प्युटरशी कोणीतरी झटापट करतंय. रखवाल्याने त्याचा फोटो पाठवलाय.”

“कोणाचा?”

“वयस्क गृहस्थ आहेत. चष्मा कपाळावर. तोंड उघडं. मागे आई उभ्या आहेत, म्हणजे त्यांच्या ओळखीतले असावेत.”

“मीच आहे तो!”

“वाटलंच मला. पण विचारलेलं बरं. काय करत होतात?”

“पुसत होतो. धूळ फार बसते हो हल्ली.”

“अच्छा. तीन चुकीचे पासवर्ड पडल्यावर ते कुलूपबंद होतं. थांबा, मी इथून जोडून घेतो आणि सोडवतो.”

निरीक्षक ‘नको नको’ म्हणेपर्यंत पडद्यावरचा बाण आपोआप चालायला लागला. आणि पडद्यावर, सगळ्या चौकटींच्या मागे, पान एकशे त्रेचाळीस सताड उघडं होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, दोरीवरचा टॉवेल ओढला आणि पडद्यावर टाकून दोन्ही हातांनी दाबून धरला.

“अहो, हे काय करताय?” बाई कुजबुजल्या. “त्यांना तिकडे दिसतंय सगळं. टॉवेल आपल्यालाच आड येतोय!”

“बाबा,” फोनवरून आवाज आला, “मागे काहीतरी लिखाण उघडं आहे. ते नीट ठेवून बंद करू ना?”

“करा! लवकर करा!”

“झालं. आता काही अडचण नाही.” जावयांनी फोन ठेवला.

निरीक्षकांनी टॉवेल काढला. पान गेलं होतं. बाण हलायला लागल्यापासून पान बंद होईपर्यंत त्यांच्या अंदाजाने अकरा सेकंद गेले होते. त्यांनी घड्याळ हातात घेतलं, तेच पान पुन्हा उघडलं आणि अकरा सेकंदांत किती वाचून होतं ते स्वतः वाचून पाहिलं. वाचन ‘हे गृहस्थ तसे वाईट’ इथवर पोचलं. ‘नाहीत’ पुढच्या ओळीत होतं. त्यांनी दुसऱ्यांदा भराभर वाचून पाहिलं, तरी ‘नाहीत’ काही अकरा सेकंदांत बसेना.

“पासवर्ड शोधायला आता काय आकाशपाताळ एक करू?” ते हताशपणे म्हणाले.

“मला माहितीये की,” बाई म्हणाल्या. “जावयांनी निघताना कागदावर लिहून दिला होता. म्हणाले, आई, तुमच्यापाशी असू द्या.”

“मग सकाळपासून बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही आपले नावं घालत बसला होतात. स्वतःचंसुद्धा.”

निरीक्षकांनी हा विषय वाढवला नाही. बाईंनी डब्याखालचा कागद आणून दिला, पासवर्ड बरोबर निघाला, आणि दुपारी दोन वाजता ‘रखवाला काढण्यात आला आहे’ अशी पाटी आली. हिरवी चौकट गेली. कोणताही शहाणा माणूस इथे थांबला असता, जेवला असता आणि थोडा आडवा झाला असता.

पण निरीक्षक हे निरीक्षक होते. त्यांनी कॉम्प्युटरची कप्पान्‌कप्पा झडती घेतली आणि एका कोपऱ्यात ‘रखवाला’ नावाचं एक फोल्डर त्यांना सापडलं. आत काहीही नव्हतं. ते काढायला गेलं, की ‘हे वापरात आहे’ असं उत्तर येई.

“रिकामं आहे ना? मग राहू दे,” बाई म्हणाल्या. “जेवण गार झालं.”

“रिकामं आहे तर वापरात कोण आहे?” निरीक्षक म्हणाले. “अगं, रिकाम्या पारड्याखाली मेण चिकटवलेलं मी पकडलंय. दिसायला रिकामंच असतं. काटा शून्यावर आल्याशिवाय मी उठणार नाही.”

त्यांनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो साडेतीनला आला. भारदस्त, जाड भिंगांचा, फार न बोलणारा माणूस होता. त्याने फोल्डर पाहिलं आणि म्हणाला, “निरुपद्रवी आहे, साहेब. आपोआप जाईल.”

“आज पाचच्या आत जायला हवं. खूणसुद्धा राहता कामा नये.”

“मग सगळाच कॉम्प्युटर पुसावा लागेल. कोरा करकरीत होईल. पण तुमचं जे काही आहे ते आधी बाहेर काढून घ्या.” त्याने पेनड्राइव्ह पुढे केला. “कुठली फाईल? मी घेतो.”

“तुम्ही नको,” निरीक्षक घाईघाईने म्हणाले. “खाजगी आहे. मी घेतो. तुम्ही जरा तिकडे बघा.”

दुरुस्तीवाला भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभा राहिला. निरीक्षकांनी पडद्यावरचं ‘चौतीस वर्षे काट्यावर’ असं लिहिलेलं छोटं चित्र बाणाने पकडलं आणि अलगद ओढत नेऊन पेनड्राइव्हमध्ये सोडलं. क्षणात काम झालं. दोनशे बारा पानं इतक्या पटकन गेली, याचं त्यांना कौतुकच वाटलं.

“पुसू?” कॅलेंडरकडे बघत दुरुस्तीवाल्याने विचारलं. “नक्की ना?”

“तीनदा पुसा.”

पावणेपाचला कॉम्प्युटर कोरा झाला आणि दुरुस्तीवाला बॅग उचलून गेला. निरीक्षकांनी कप्पे तपासले. कुठेही काहीही नव्हतं. काटा शून्यावर होता. त्यांनी समाधानाने पेनड्राइव्ह लावला आणि आपल्या आत्मचरित्राचं चित्र दाबलं.

‘ही फाईल सापडत नाही,’ असं उत्तर आलं.

त्यांनी पुन्हा दाबलं. चार वेळा दाबलं. मग दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

“चित्राच्या कोपऱ्यात बारीकसा बाण आहे का?” त्याने विचारलं.

“आहे.”

“मग तो शॉर्टकट, साहेब. म्हणजे नुसती पाटी. दुकान दुसरीकडे होतं. तुम्ही पाटीच तेवढी उचलून आणलीत.”

“अहो, मग तुम्ही बघितलं का नाही?”

“मी कॅलेंडर बघत होतो.”

“परत आणता येईल?”

“एकदा पुसलं असतं, तर प्रयत्न केला असता,” तो म्हणाला.

निरीक्षक खुर्चीत बसून राहिले. चार वर्षं. रोज सकाळी साडेनऊ ते साडेबारा. आईवडील गेल्याचं त्यात होतं. पहिल्या नोकरीचा पहिला दिवस होता. दुसरीकडे कुठे काही लिहून ठेवलेलं नव्हतं, आणि यापुढे सगळं आठवेल याची खात्री नव्हती. त्यांना रडू आलं, आणि ते बायकोसमोर आल्याचा रागही आला.

बाईंनी पाण्याचा पेला आणून ठेवला. मग म्हणाल्या, “जावयांना विचारून बघा.”

“कुठल्या तोंडाने विचारू?”

“आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?”

“आणि त्यांच्याकडे काय असणार? प्रत पाच वाजता जाणार होती. ती जाऊ नये म्हणूनच तर दिवसभर मरमर केली.”

बाईंनी नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

“जावईबापू,” निरीक्षक म्हणाले. घसा खाकरला. “रखवाला निघून गेला.”

“हो, दोन वाजता कळलं मला.”

“त्याच्याबरोबर माझं सगळं लिखाणही गेलं. तुमच्याकडे... म्हणजे असण्याचा प्रश्नच नाही, पण आईंनी विचारा म्हटलं म्हणून...”

“आहे ना, बाबा.”

“काय?”

“रविवारी बसवला तेव्हाच पहिली प्रत निघाली होती. ती आधी घ्यावीच लागते. रविवारपर्यंतची सगळी पानं आहेत. दोनशे नऊ.”

सोमवारपासून लिहिलेली तीन पानं गेली तर गेली. निरीक्षकांनी डोळे मिटले. दोनशे नऊ पानं जिवंत होती, हे आधी त्यांच्या लक्षात आलं. त्यात एकशे त्रेचाळीसावं होतं, हे मागाहून.

“जावईबापू, तुम्ही ते उघडून वगैरे पाहिलंत का?”

“प्रत नीट आली की नाही, म्हणून उघडलं. मग थांबता आलं नाही. चूक झाली माझी.”

“बारावं प्रकरण?”

“ते दोनदा वाचलं.”

निरीक्षकांना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. बाई पदराआड तोंड लपवून उभ्या होत्या.

“मग रविवारपासून एका अक्षराने बोलला नाहीत?”

“तुम्ही वाचायला दिलं नव्हतंत ना. मग बोलणार कसं?” जावई म्हणाले. मग जरा अडखळत पुढे बोलले, “राग नका मानू, बाबा, पण खरं सांगतो. पहिली अकरा प्रकरणं मला जरा जड गेली. आठवं तर अर्धंच झालं. बारावं मात्र एका बैठकीत वाचलं. मी एकटाच मोठमोठ्याने हसत होतो. ही धावत आली काय झालं बघायला.”

पुस्तक लिहायला घेतल्यापासून चार वर्षांत त्यांचं एक पानही कोणी वाचलं नव्हतं. आज सकाळी वाचलं ते बायकोने, आणि तेही एकच पान. इथे एक माणूस तेच प्रकरण दोनदा वाचून बसला होता.

“हसलात?” त्यांनी विचारलं.

“खूप.”

“नेमकं कुठे?” निरीक्षकांनी टेबलावरची पेन्सिल उचलली. “सावकाश सांगा. पान सांगा आणि ओळ सांगा.”

जावयांनी सांगितलं. पाऊण तास सांगितलं. एका ठिकाणी ते म्हणाले की वाक्य जरा लांबलंय, आणि निरीक्षकांनी ते मान्यसुद्धा केलं. शेवटी जावई म्हणाले, “आता सगळं परत पाठवतो. आणि रखवाला नको असेल तर नाही बसवत. मी विचारायला हवं होतं तुम्हाला.”

“नको कशाला? बसवा, बसवा,” निरीक्षक म्हणाले. “फक्त ते शुक्रवारचं तेवढं बदला. आठवडाभर कोण थांबणार? प्रत रोज पाठवायला सांगा त्याला.”