काशिनाथअप्पांचे पाव्हणे

या, असं पुढं येऊन बसा. दारात उभं राहून बोलतं का कुठं माणूस? तुमची ही रीत मला बिलकुल आवडत नाही. गाडी रस्त्यावर चालूच ठेवायची, आमच्या गोठ्यातल्या ट्रॅक्टरचा फोटो काढायचा आणि चहाचं विचारलं की म्हणायचं, "राहू द्या आजी, घाईत आहे." ज्याचा फोटो काढला तो कोणाचा कोण, एवढं तरी विचारावं. बसा, पाणी घ्या. आणि आमच्या भाऊजींसमोर त्याला 'तो ट्रॅक्टर' म्हणू नका. 'पाव्हणे' म्हणायचं.

काशिनाथअप्पा माझे धाकटे दीर. मधे एक भिंत, पलीकडं ते, अलीकडं मी. सत्तरी उलटली, पण मी सोडले तर सगळ्या दुनियेला अरे-तुरे. एकदा तहसीलदार आले होते, तर त्यांना म्हणाले, "तू तिकडं सावलीत बस बाबा, ऊन लागंल." ट्रॅक्टरला मात्र अहो-जाहो. रोज सकाळी गोठ्याबाहेर चपला काढतात, बॉनेटवर दोन टिचक्या मारतात आणि विचारतात, "उठले का पाव्हणे?"

पाव्हणे लगेच उठत नाहीत. वय झालंय त्यांचं. बॅटरीत दम नाही. म्हणून भाऊजींनी गोठ्याची जमीनच दाराकडं उतरती करून घेतली. पाव्हणे घरंगळत बाहेर येतात आणि घरंगळता घरंगळताच सुरू होतात. वाटेत माझा रांजण आहे. म्हणजे होता. आजवर दोन गेले. तिसरा मी आता घरात ठेवलाय.

ही स्वारी आमच्याकडं आली कशी ते ऐका. भाऊजींनी जन्मभर बैलावर शेती केली. मग गुडघे गेले. "गुडघे बेइमान निघाले, वैनी," म्हणाले. शेत बटईनं लावलं, बैलजोडी विकली. जाऊबाई तर त्याच्याही आधी गेल्या. असं सगळं मोकळं झाल्यावर एक दिवस हा माणूस माझ्या ओट्यावर येऊन म्हणतो, "वैनी, मुखेडला चला. एक ट्रॅक्टर बघायचाय. जुना हाय."

"शेत दुसऱ्याकडं आन् ट्रॅक्टर कशाला?" मी विचारलं.

"तुम्ही चला तर."

मला नेण्याचं कारण असं की माझे वडील बैलांचे हेडी होते. बाजारातली निम्मी बैलं त्यांच्या हातून विकली जायची. त्यामुळं जनावराची पारख मला आहे, असं भाऊजींचं मत. आता ट्रॅक्टरची पारख मला कुठली? पण एसटीत खिडकीची जागा मिळाली होती, मी कशाला नको म्हणू?

मुखेडच्या जवळ एका वाडीवर व्यंकटराव नावाचे शेतकरी. त्यांच्या लिंबाच्या झाडाखाली तो उभा. रंग कधीकाळी लाल असावा, आता वाळल्या मिरचीचा. भाऊजींनी आधी लांबून सगळीकडून एक फेरी मारली. दात बघता येईनात म्हणून तोंडापुढची जाळी बघितली. मागच्या दोन्ही टायरांवर थाप मारली. म्हणाले, "दहा पावलं चालवून दाखव." व्यंकटरावांनी चालवला. थांबल्यावर भाऊजींनी बॉनेटवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"धाप लागत न्हाई," म्हणाले. "इमानदार लोखंड हाय."

'इमानदार' हा त्यांचा शब्द. चहाही इमानदार असतो, बसही, पाऊसही. पावसाला तो शब्द क्वचित मिळतो.

मग सौदा. भाऊजींनी खांद्यावरचं उपरणं काढून पुढं धरलं. बैलबाजारात उपरण्याखाली बोटं दाबून भाव करतात, बाकीच्यांना आकडा कळू नये म्हणून. तिथं बाकीचं कोण होतं? मी, व्यंकटरावांची बायको आणि एक शेळी. पण व्यंकटरावही त्याच वयाचे. त्यांनी लगेच हात उपरण्याखाली घातला. दोघं म्हातारे एकमेकांच्या डोळ्यांत बघत उभे. मधेच भाऊजींनी मान हलवली, मधेच व्यंकटराव "न्हाई जमत" म्हणाले. पाव तास चाललं होतं. शेवटी दोघांचे चेहरे सैल झाले. कितीला ठरला ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. हेड्याची लेक मी, तरी.

खरी गंमत त्याच्या पुढं. भाऊजींनी पिशवीतून कोरं दावं काढलं. आमच्याकडं जनावर घ्यायचं तर दावं आपलं न्यायचं, विकणाऱ्याचं त्याच्यापाशीच राहतं. ते दावं त्यांनी पुढच्या आसाला बांधलं. मला वाटलं, आता हे लोक हसणार. व्यंकटराव हसले नाहीत. बायकोला हळदीकुंकू आणायला सांगितलं, आणि भाऊजींना हळूच म्हणाले, "पहिल्या गिअरला जोर करू नका. बिचकतंय ते."

मी एसटीनं परत निघाले. भाऊजी त्याच्यावर बसून आमच्याही आधी निघाले होते. अहमदपूरच्या अलीकडं आमच्या बसनं त्यांना गाठलं. पाठीमागं गाड्यांची ही रांग. कंडक्टर म्हणाला, "आजी, हे माणूस तुमच्या वळखीचं का? मघापासून तुमच्या खिडकीकडं बघून हात करायलंय."

"न्हाई बाबा," मी म्हणाले.

तेवढ्यात भाऊजी ओरडले, "वैनी, धाप न्हाई, बघा." आता काय करणार? मीही हात केला.

दुसऱ्या दिवशी ते मुरुड ओलांडून गावात आले, तेव्हा महादेव दारात उभा होता. महादेव त्यांचा मुलगा. लातूरला नव्या ट्रॅक्टरच्या शोरूमला विक्रीचं काम करतो. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

"अप्पा, मी लोकायला नवे ट्रॅक्टर विकतो आन् तुम्ही हे आणलं? गिऱ्हाइक मला इचारतेत, तुमच्या घरी कोणतं मॉडेल हाय. काय सांगू?"

"सांग, पाव्हणे हायेत," भाऊजी म्हणाले.

बापलेकांचं महिनाभर असंच चाललं. शेवटी महादेवनं अट घातली. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या मागं पाव्हण्यांनी मारुतीला एक फेरी घालायची आणि आपल्या पायानं घरी यायचं. नाही आले, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला येईल. भाऊजी हट्टी असले तरी शब्दाचे पक्के. "दिला शब्द," म्हणाले. पण पाव्हणे उतारावर सुरू होतात, आणि मारुतीचं देऊळ चढाला आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदमळण असते. जू घासून घासून बैलाच्या खांद्याला घट्टे पडलेले असतात. त्यावर हळद आणि तूप चोळायचं, आणि त्याला म्हणायचं, आज आवतण, उद्या जेवायला या. सांजेला भाऊजी माझ्याकडून वाटीभर हळद-तूप घेऊन गेले. थोड्या वेळानं परत आले.

"वैनी, पाव्हण्याचा खांदा कुठं धरायचा?"

मी म्हणाले, मडगार्डला लावा. गावातल्या चार शहाण्यांनी सांगितलं, मागचा हूक, कारण ओझं तिथं पडतं. भाऊजींना पटेना. जमिनीवर बसून त्यांनी बराच विचार केला. "खांदा म्हणजे काय?" म्हणाले, "जिथं घासतंय ते. हाय का न्हाई?"

मग मी आपली भाकरी करायला आत गेले. ते काय घासतंय, हे मी विचारायला पाहिजे होतं.

पोळ्याला पाव्हणे असे सजले की नवरदेव लाजावा. दिव्यांवर बाशिंग, बॉनेटवर झूल, स्टेअरिंगला गोंडे. भाऊजी धुतलेल्या धोतरात. पुढं मानाचा बैल, मागं गावातल्या उरलेल्या सात जोड्या आणि सगळ्यांत शेवटी पाव्हणे. देवळाचा चढ चढले. माझा जीव भांड्यात पडला. अर्धी फेरी झाली. आणि देवळाच्या बरोबर मागं पाव्हण्यांच्या तोंडातून अशी वाफ निघाली की बाशिंगं दिसेनात. एक आचका दिला आणि गप्प.

महादेवनं बॉनेट उघडलं. आत बोट फिरवलं, हुंगलं. "अप्पा, पट्ट्याला तूप कोणी लावलं?"

पंखा फिरवणारा पट्टा. रात्रंदिवस घासणारा तोच. भाऊजींनी वाटी त्याच्यावरच रिकामी केली होती. पट्टा घसरत राहिला, पंखा थांबला, पाणी उकळलं.

"घासून घासून बिचाऱ्याचे हाल झाले असतील, म्हणलं," भाऊजी म्हणाले.

लोक हसायला लागले. कोणी म्हणालं, बैल जोडा आणि ओढा. मानाच्या बैलाचा मालक म्हणाला, "आज जू न्हाई. पोळा हाय." कोणी आपला नवा ट्रॅक्टर आणि साखळी आणायला निघालं. भाऊजींनी त्याला हातानंच थांबवलं. पाव्हण्याला साखळी लावणं त्यांना बघवणार नव्हतं. डोक्यावरची टोपी काढून ते महादेवला म्हणाले, "शब्द शब्द हाय. उद्या बोलाव त्याला."

आणि असं म्हणून दुसरीकडं बघायला लागले. तेव्हा कुठं मला कळलं की हा तमाशा नाही. मी आरतीचं ताट घेऊन सरळ गर्दीत शिरले.

"महादेवा, आज सण कोणता हाय?"

"पोळा, काकू."

"पोळ्याला बैलाला कामाला लावतेत का?"

"न्हाई."

"मग पोळ्याच्या दिवशी त्यांना कामाची अट घालणारा तू कोण? थांबले ते बराबर थांबले. त्यांना रीत ठाव हाय. तुला न्हाई. चूक कोणाची?"

मग मानाच्या बैलाच्या मालकानंच ठरवून टाकलं, "काकू बराबर बोलायल्यात. आज अट धरायची न्हाई. ढकला रे." दहा-बारा जणांनी हात लावला. सगळ्यांत आधी महादेवनं, हेही सांगायला पाहिजे. उतारानं पाव्हणे मजेत आले, पण गोठ्याचा चढ चढवताना सगळ्यांच्या तोंडाला फेस आला. आणि भाऊजी वर बसून, "हळू, हळू. बिचकतेत."

गोठ्यात मी पुरणपोळीचा नैवेद्य आणला. भाऊजींनी पहिली पोळी बॉनेटवर ठेवली, हात जोडले, आणि मग खाली बसून जेवायला लागले. एक पोळी, दोन, तीन, चार. मी म्हणाले, "भाऊजी, दमानं. कोण हिसकावून न्यायलंय?"

"गेल्या पोळ्याला मी जेवलोच न्हाई, वैनी."

"असं कसं? मी ताट पाठवलं होतं."

"पाठवलं होतं तुम्ही. पण पोळ्याला बैलाच्या आधी मी कधी जेवलो न्हाई. बैल न्हवते. आधी कोणाला घालावं, समजंना. ताट घेऊन हितंच बसलो. सांज झाली. मग भूकच गेली."

एवढं बोलून त्यांनी पाचवी पोळी घेतली. मधे एक भिंत. गेल्या पोळ्याला मी अलीकडं बसून दोनदा जेवले होते.

महादेव रॉकेलच्या फडक्यानं पट्टा पुसत होता. त्याचा हात थांबला. खाली बघतच म्हणाला, "अप्पा, हा पट्टा गेला. लातूरला ह्या मापाचा मिळतो का बघतो. न्हाई मिळाला तर नांदेडहून आणतो."

"इमानदार बघून आण," भाऊजी म्हणाले.

तर असं आहे. आता तुम्ही फोटो काढलाच आहे, तर एक काम करा. पुढच्या पोळ्याला या. नुसतं तोंड दाखवून जाऊ नका, गाडी बंद करून या, लेकरंबाळं घेऊन या. भाऊजींना सांगून ठेवते. ताटं गोठ्यातच मांडू, सगळे एका पंगतीला बसू. आणि पोळ्यापर्यंत तरी कशाला थांबता? ह्याच आठवड्यात या. पाव्हणे दुपारी घरीच असतात.