नेपच्यून आबांच्या उसात

मोहरीच्या दाण्यापासून आठ सेंटिमीटरवर खसखशीचा एक दाणा चिकटवला, की पृथ्वी आणि चंद्र तयार होतात. फक्त त्या वेळी शिंकू नये. मी शिंकले, आणि चंद्र पुन्हा डब्यातून आणावा लागला.

खुटबावात मी विज्ञान शिकवते. मोजमापात माझी चूक होत नाही, हे मी स्वतःच सांगते. सूर्य म्हणजे तीस सेंटिमीटरचा चेंडू धरून अख्खी सूर्यमाला गावात मांडायची, असं मी ठरवलं. शाळेच्या फाटकावर सूर्य, १६८ मीटरवर लिंबाएवढा गुरू, दत्ताआप्पांच्या बांधावर युरेनस आणि ९७० मीटरवर, जयसिंगआबांच्या उसाच्या कडेला, हरभऱ्याएवढा नेपच्यून.

खरा हेतू वेगळा होता. आबांची नात सायली नुकतीच दहावी झालेली. तिला पुण्यात राहून सायन्स शिकायचं होतं. फॉर्मची मुदत गुरुवारी संपत होती आणि आबा मार्चपासून एकच शब्द बोलत होते, "बघू." बुधवारी सायली गावासमोर सूर्यमाला समजावून सांगेल आणि आबा विरघळतील, असा माझा बेत.

सोमवारी आम्ही दोघींनी टेपनं मोजून लाल खुंट्या ठोकल्या. ग्रह आधी लावले तर पाखरं खातील, म्हणून खुंट्यांवर मी फक्त क्रमांक आणि अंतर लिहिलं. अगदी सुवाच्य, सरकारी अक्षरात.

मंगळवारी सकाळी बघते, तर दत्ताआप्पा युरेनसभोवती आंब्याची रोपं लावत होते. चाळीस.

"आप्पा, एकदम एवढी झाडं?"

"हळू बोला, बाई. हायवेवाले खुंट्या मारून गेल्यात. झाडं दिसली की मोबदला वाढतो."

मी खुलासा करायला तोंड उघडेपर्यंत आप्पा पुढच्या खड्ड्यात उतरले होते. दुपारी गुरूवर पत्र्याची शेड उभी राहिली. शनीपाशी कुणीतरी बोअरचा पाइप नुसताच मातीत रोवला. संध्याकाळी निरोप आला, की जयसिंगआबा शेवटच्या खुंटीवर हात ठेवून बसलेत आणि रस्ता अडवलाय. सायलीला घेऊन मी धावले. निम्मं गाव तिथंच होतं.

"आबा, हा रस्ता नाही. हा नेपच्यून आहे," मी म्हणाले.

"कुठल्या कंपनीचा?"

सायलीनं पुढं होऊन खिशातला हरभरा खुंटीवर ठेवला आणि सूर्यापासून एकेक ग्रह सांगत आली. गावाला पटलं. आप्पा सोडून.

"मंग माझी चाळीस रोपं?"

"युरेनसला तीस चंद्र बी सापडलं न्हाईत, आप्पा. तुम्ही लई लावलं."

"टेप चुकला असंल तुझा."

"तीनदा मोजलंय."

"तलाठी बी एकदाच मोजतो," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

आबा डोळ्यांवर हात धरून शाळेच्या फाटकाकडं बघत होते. तिथला चेंडू इथून ठिपक्याएवढाही दिसत नव्हता.

"एवढ्या लांबनं त्यो ह्याला धरून हाय?"

"व्हय, आबा. एका चकरंला एकशे पासष्ट वर्षं लागत्यात. पर सुटत न्हाई."

"आन् पुणं किती लांब?"

"पन्नास किलोमीटर."

आबा उठले. धोतराची माती झटकली, हरभरा पडू नये म्हणून खुंटीवर नीट बसवला.

"बाई," ते म्हणाले, "उद्याच फॉर्म भरा. पुण्याचाच."