समेच्या फितव्याची बखर

श्रीशारदा प्रसन्न. ज्या राज्याचे नाव घेण्याची आज्ञा नाही त्या राज्यात, शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सरी, आश्विनमासी जे वर्तमान घडले, ते वडील माणसांचे तोंडून ऐकिले तैसे लिहिले असे. पदरचे काही घातले नाही.

ते समयी महाराज तरुण होते, आणि त्यांस गाण्याचा शौक थोर. दरबारी बैठक होई तेव्हा तालाचे आवर्तन फिरत फिरत ज्या ठायी गाणारा आणि पखवाजी एकत्र येऊन उतरतात, त्या समेवर महाराज मान डोलवीत, आणि मान डोलताच पखवाजावर थाप पडे, आणि सारा दरबार 'वाहवा' म्हणे. महाराजांची सम कधी चुकली नाही, ऐसा लौकिक होता. लढाईत यश त्यांस बेताचेच आले होते. समेत मात्र नेहमी आले. मग दसऱ्याचे दरबारी तुळजाबाई कलावंतीण, परमुलखातून नुकतीच बोलावून आणिलेली, धृपद गावयास बसली. महाराजांनी मान डोलविली, दरबारचा पखवाजी गणबा याने थाप दिली, आणि बाई तेथे आलीच नाही. थोडी पुढे, आपले ठायी, एकटीच उतरली. पुन्हा तसेच जाहले, आणि त्याउपरही जाहले, तेव्हा दरबारात कोणी खोकले, आणि तो खोकला काकासाहेबांचे बाजूने आला ऐसे महाराजांस वाटले. काकासाहेब म्हणजे महाराजांचे चुलते. गादीवर त्यांचा डोळा आहे हा संशय पूर्वीपासोन होताच. महाराजांनी मनाशी विचार केला की, बाई चुकली म्हणावे तर तिची ख्याती मोठी, आणि आपण चुकलो हे तर संभवतच नाही. तस्मात हा फितवा, काकांनी तिजकडून भर दरबारी आपली शोभा करविली. मग हुकूम जाहला की, बाईने पौर्णिमेचे आत राज्याबाहेर जावे, आणि पुन्हा या मुलखात तंबोऱ्यास हात लावील तर तो हात राहणार नाही.

बाईने हुकूम मस्तकी धरिला आणि अर्ज केला की, जाताना सरहद्दीच्या गावी देवीपुढे अखेरचे गाऊन जाईन. महाराजांनी अर्ज मान्य केला, मात्र कारभारी अवचितराव यांस म्हणाले, "सरहद्दच का? इकडे देवी नाहीत काय? काकांची माणसे तेथे जमणार. आम्ही जातीने पाहणार." मग महाराजांनी घोड्यांच्या सौदागराचा वेष घेतला, कट्यार अंगरख्याखाली लपविली, आणि अवचितरावांस चाकर करून दिवेलागणीस देवळाचे सभामंडपात येऊन बसले. दिवट्या पेटल्या होत्या, तेलाचा धूर दाटला होता, आणि गाव दाटीवाटीने जमला होता. बाईने देवीस नमस्कार करून धृपद मांडिले, गावचा पखवाजी साथीस बसला, आणि महाराजांचे लक्ष गाण्यावर नव्हे, माणसांवर. तो काय दिसले? एक वाणी अंगठ्याने बोटांची पेरे मोजतो आहे. पलीकडे एक ब्राह्मण तेच करितो आहे. एक शिपाई मांडीवर थाप देऊन तळहात उताणा करितो, आणि लांबच्या खांबापाशी बसलेला गुरवही त्याच क्षणी तळहात उताणा करितो. महाराज हळूच म्हणाले, "ही खूण कशाची?" अवचितराव म्हणाले, "सरकार खूण म्हणतात, तर खूणच असेल." आणि बोलता बोलता अवचितरावांच्या शेल्याखाली त्यांचाही अंगठा पेरांवरून फिरत होता. ते पाहून महाराजांनी मनाशी ताडिले, हाही त्यांतलाच! इतक्यात साऱ्या मंडपाचे हात एकदम खाली आले. महाराजांनी कट्यारीच्या मुठीस हात घातला, आणि घडले इतकेच, की लोक 'वाहवा' म्हणाले आणि पान खाऊ लागले.

महाराज चकित जाहले. मग गाणे रंगत चालले, आणि सूर ऐसा लागला की संशय घटकाभर बाजूस राहिला, आणि जन्माचे सवयीने महाराजांनी मान डोलविली आणि मोठ्याने "वाहवा!" म्हणाले. एकटेच म्हणाले. सारा मंडप वळोन पाहू लागला. शेजारी गावच्या देशमुखांच्या वृद्ध मातोश्री धोंडूबाई बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "अहो सौदागर, घोडा अजून वेशीबाहेर आहे, आणि तुम्ही दाणा कसला टाकता?" महाराज रागावून म्हणाले, "आमच्या गावी मी मान हलविली की सम येते." धोंडूबाई म्हणाल्या, "येईल तर! सम तुमच्या वाड्यावर चाकरीस असेल. नाहीतर पखवाजी तरी." लोक खदखदा हसले आणि पुन्हा बोटांवर तालाच्या मात्रा मोजू लागले. महाराज हसले नाहीत. त्यांनी अवचितरावांकडे पाहिले, आणि अवचितरावांनी जाजमाकडे. महाराजांनी पुसले, "गणबाचे हे कधीपासोन?" अवचितराव म्हणाले, "सरकार गादीवर बसले, त्या पहिल्या बैठकीपासोन." "आणि आजवर कोणी बोलला नाही?" "सरकार फार खुशीत असत."

मग गाणे आटोपले, लोक पांगले, आणि महाराज बाईपुढे जाऊन उभे राहिले. बाईने उठोन मुजरा केला. महाराज म्हणाले, "ओळखिले कैसे?" बाई म्हणाली, "या मुलखात त्या जागी मान हलविणारे एकच आहेत." महाराज खाली बसले आणि म्हणाले, "गणबा वाजवितो तैसे तुम्हांसही सोयीचे गाता आले असते. हुकूम टळला असता." बाई म्हणाली, "गाता आले असते, सरकार. मग मजला इतक्या लांबून कशास बोलाविले असते?" तेव्हा महाराजांनी हुकूम मागे घेतला आणि दरबारी राहा म्हणाले. बाईने एकच अट घातली, की मजपुढे मान हलवू नये.

महाराजांनी ती पाळिली. मग दरबाराची मोठी पंचाईत जाहली. मान हलेना, तेव्हा वाहवा कोठे म्हणावी हे सरदारांस कळेना. कोणी म्हणाले महाराजांची मान धरली आहे, कोणी म्हणाले मर्जी फिरली, आणि वैद्य तेल घेऊन आला. महाराज शेल्याखाली बोटे मोजीत शिकत राहिले. पुढील वर्षी एके बैठकीस राहवले नाही, मान हलली, आणि त्याच क्षणी बाई, पखवाज आणि मान एके ठायी उतरली. दरबार दणाणला. महाराजांचा चेहरा उजळला आणि लागलाच उतरला. त्यांनी बाईस जवळ बोलावून हळूच पुसले, "ही सम खरी, की तुम्हीही आता मजकडे पाहू लागलात?" बाई म्हणाली, "मी खरी म्हटली, तर सरकारांस पटेल काय?"

येणेप्रमाणे वर्तमान. बाई राहिली, काकासाहेब राहिले, गणबाही राहिला. कोणाचे शिर गेले नाही. महाराज जो फितवा शोधावयास गेले, तो खरोखरच होता, आणि त्यात सारा दरबार सामील होता, एक बाई तेवढी नव्हती. मात्र इतक्या जणांस फितूर केले कोणी, हे पाहू जाता ते काम महाराजांच्याच मानेने केले ऐसे निघाले. इति.